बाळाला घेऊन जगाची फेरी: तिकीट कसं चालतं, मार्ग कसा आखायचा

नणंद न्यू जर्सीत, सख्खा भाऊ मेलबर्नला आणि आपण पुण्यात, अशी घरं कोथरूडपासून हडपसरपर्यंत आता पुष्कळ आहेत. घरात बाळ आलं की दोन्हीकडून आग्रह सुरू होतो, "एकदा घेऊन या ना तिला." मग आधी अमेरिकेला जाऊन यायचं, पुन्हा रजा साठवायची आणि वर्षभराने ऑस्ट्रेलिया, असा बेत ठरत असतो. तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "दोन्हीकडे एकाच फेरीत जा की. सगळ्या जगाला वळसा घालणारं तिकीट मिळतं." असं तिकीट खरंच मिळतं. पण ते कसं चालतं, त्यात बाळाचं काय, भारतीय पासपोर्टवर ते कितपत सोयीचं, हे धड सांगणारं कोणी भेटत नाही. ही तिकिटं एजंटकडेही रोज निघत नाहीत, त्यामुळे उत्तरं अर्धीमुर्धी मिळतात.

माझं मत आधीच सांगते. सहा-सात आठवडे काढता येत असतील, तर पश्चिमेकडे निघून, मोजके मुक्काम करत पुरी केलेली फेरी लहान मुलाला दोन लांबच्या जाण्या-येण्यांपेक्षा कमी जड जाते. त्याचं कारण घड्याळात आहे, ते पुढे आकड्यांनिशी मांडते. आधी तिकीट समजून घेऊ.

## हे तिकीट म्हणजे नेमकं काय?

जगातल्या बऱ्याच मोठ्या विमान कंपन्यांनी आपापले गट केले आहेत. अशा गटाला अलायन्स म्हणतात. एका अलायन्समधल्या कंपन्या एकमेकींच्या विमानांची तिकिटं काढून देतात आणि सामान एका विमानातून दुसऱ्यात पोचवतात. जगाच्या फेरीसाठी आपल्या उपयोगाचे गट दोन. स्टार अलायन्समध्ये एअर इंडिया २०१४ पासून आहे. सोबत लुफ्तान्सा, युनायटेड, एअर न्यूझीलंड, सिंगापूर एअरलाइन्स अशा कंपन्या आहेत. वनवर्ल्डमध्ये कतार एअरवेज, ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन, क्वांटास, कॅथे पॅसिफिक आहेत. एमिरेट्स आणि इंडिगो यांतल्या एकाही गटात नाहीत. दुबईमार्गे जायची सवय असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आठवा. एकदा पैसे भरले की ठरलेले दिवस महामंडळाच्या गाडीने हवं तिथे जा, उतरा, पुन्हा दुसरी गाडी पकडा. जगाच्या फेरीचं तिकीट त्याच जातीचं आहे, फक्त त्याला अटी जास्त आहेत. प्रवास एकाच दिशेने करायचा, पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडायचे. ज्या देशातून निघालात त्याच देशात परत यायचं. फेरी कमीत कमी दहा दिवसांची आणि जास्तीत जास्त एका वर्षाची. उड्डाणं जास्तीत जास्त सोळा. कुठे चोवीस तासांहून जास्त थांबलात तर तो 'स्टॉपओव्हर', म्हणजे मुक्काम, धरला जातो. त्याहून कमी असेल तर ते फक्त विमान बदलणं.

भाडं ठरवण्याची पद्धत दोन्ही गटांची वेगळी. स्टार अलायन्स एकूण मैल मोजतं आणि मैलांच्या टप्प्यांप्रमाणे पैसे घेतं. सर्वांत वरचा टप्पा ३९,००० मैलांचा. वनवर्ल्डच्या प्रमुख तिकिटात खंड मोजतात, तीन ते सहा. त्यांच्या हिशेबात आखाती देश युरोपात येतात, म्हणून दोह्यात थांबून पुढे लंडनला गेलात तरी खंड एकच धरला जातो. शिवाय भाडं कोणत्या देशातून निघता यावरही ठरतं, त्यामुळे परदेशातल्या मित्राने सांगितलेला आकडा आपल्याला लागू होत नाही. तारीख बदलणं सहसा फुकट किंवा थोडक्या पैशांत होतं. मार्ग बदलायचा तर तिकीट नव्याने काढावं लागतं आणि ते महाग पडतं. तेव्हा शहरं आधी पक्की करावीत, तारखा थोड्या सैल राहिल्या तरी चालतील.

पुण्याहून सुरुवात करायची तर लोहगावहून एअर इंडियाने दिल्लीला जाऊन पुढचं विमान धरता येतं, पण ते उड्डाण सोळांत आणि मैलांतही मोजलं जातं. बहुतेक जण मुंबईहूनच निघतील. बाळ बरोबर असताना मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी संध्याकाळी पुण्याहून निघून, खंडाळ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगेत अडकून धावतपळत विमानतळ गाठण्यापेक्षा आदल्या दिवशी मुंबईत जाऊन अंधेरीच्या आसपास राहावं. पावसाळ्यात तर नक्कीच.

## बाळाचं तिकीट आणि दुसरा वाढदिवस

विमान कंपन्यांच्या दृष्टीने दोन वर्षांखालचं मूल 'इन्फंट'. ते मोठ्या माणसाच्या मांडीवर बसतं, त्याला स्वतःची जागा नसते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं मोठ्यांच्या साधारण १० टक्के असतं. दोन ते अकरा वर्षांचं मूल 'चाइल्ड'. त्याला स्वतःची जागा मिळते आणि अशा फेरीच्या तिकिटावर भाडं साधारण ७५ टक्के पडतं. मात्र कर आणि विमानतळांची शुल्कं याच प्रमाणात कमी होतातच असं नाही, ती प्रत्येक देशाच्या नियमाने लागतात. एक चांगली गोष्ट अशी, की ब्रिटनमधून निघताना लागणारा भलामोठा प्रवासी कर इकॉनॉमीत बसणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना माफ आहे.

खरा पेच दुसऱ्या वाढदिवसाचा. वय तिकीट काढल्याच्या दिवसाचं धरत नाहीत, उड्डाणाच्या दिवसाचं धरतात. मूल २२ महिन्यांचं असताना निघालात आणि फेरी चार महिन्यांची असेल, तर वाढदिवसानंतरच्या प्रत्येक उड्डाणाला त्याला स्वतःची जागा लागणारच. भाडं कसं घ्यायचं याचे नियम मात्र कंपनीगणिक निराळे: कोणी फक्त पुढच्या उड्डाणांचं मुलाचं भाडं घेतं, कोणी संपूर्ण फेरीचं. इथे तर एकाच तिकिटावर चार-पाच कंपन्या असतात. म्हणून जी कंपनी तिकीट देते तिच्याकडून याचं उत्तर ईमेलवर घ्यावं. काउंटरवर उभं राहून, कडेवर मूल घेऊन हा वाद घालायची वेळ कोणावर येऊ नये.

## मग दोनच्या आत नेलेलं स्वस्त, नाही का?

पैशांत स्वस्त, हो. पण सॅन फ्रान्सिस्कोहून ऑकलंडला जायला साधारण तेरा तास लागतात, आणि दीड वर्षाचं दहा-अकरा किलोचं, चालायला शिकलेलं मूल तेरा तास मांडीवर राहत नाही. तान्ह्या बाळांसाठी पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो, त्याला बॅसिनेट म्हणतात. त्याला वजनाची आणि लांबीची मर्यादा असते. वजनाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी दहा-अकरा किलोंच्या आसपास असते, पण अंगापिंडाने लांब असलेलं बाळ आठ-नऊ महिन्यांतच त्यात मावेनासं होतं. शिवाय विमान हलायला लागलं की बाळाला त्यातून काढून घ्यावं लागतं, मग ते गाढ झोपेत का असेना.

सुरक्षेचाही प्रश्न आहे. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला चाललेलं विमान म्यानमारवर असताना हवेच्या खळग्यात सापडलं, पट्टा न लावलेले प्रवासी छतावर आदळले आणि एकाचा मृत्यू झाला. अशा वेळी आईच्या हातांत कितीही माया असली तरी ते हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखालच्या मुलालाही स्वतःची जागा घेऊन, विमानात चालणाऱ्या कार सीटमध्ये बांधून बसवावं. मांडीवरच्या बाळासाठी आईच्या पट्ट्याला जोडायचा छोटा पट्टा युरोपात सक्तीचा आहे, अमेरिकेत त्याला परवानगी नाही. म्हणजे एकाच फेरीत एका विमानात तो देतील, पुढच्यात देणार नाहीत.

माझा कौल असा: चार ते दहा महिन्यांचं, अजून न चालणारं बाळ असेल तर मांडी आणि पाळण्यावर निभावतं. चार वर्षांच्या पुढचं मूल असेल तर फारच छान, कारण त्याला खिडकी कळते, गोष्ट कळते, थांबायला सांगितलं तर कळतं. मधल्या वयात, विशेषतः एक ते अडीच, शक्य असेल तर स्वतंत्र जागेचे पैसे भरावेत, आणि निदान पॅसिफिक ओलांडताना तरी भरावेतच. कार सीट बरोबर असेल तर ती मुंबईच्या रस्त्यापासूनच वापरता येते; आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मुलांना गाडीत बांधून बसवणं बंधनकारक केलं आहे आणि न केल्यास एक हजार रुपये दंड आहे. बहुतेक कंपन्या बाबागाडी आणि कार सीट फुकट नेतात.

मूल स्वतंत्र जागेवर बसणार असेल तर शेजारची जागा आपलीच असेल असं गृहीत धरू नका. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाने भारतीय विमान कंपन्यांना बजावलं, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच बुकिंगवरच्या आई किंवा वडिलांशेजारी जागा द्यायची. परदेशी कंपन्यांच्या उड्डाणांना हा आदेश पुरत नाही, तिथे जागा आधीच निवडून ठेवाव्या लागतात.

## पूर्वेकडून जावं की पश्चिमेकडून?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा.

शरीरात एक घड्याळ असतं, ते झोप-भूक ठरवतं. तान्ह्या बाळात ते तीन-चार महिन्यांत बसायला लागतं. वेळेचा पट्टा बदलला की हे घड्याळ रोज साधारण एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळवून घेतं. जुळेपर्यंत जो त्रास होतो तो जेट लॅग. हे घड्याळ मुळातच २४ तासांहून किंचित लांब चालतं, म्हणून दिवस लांबवणं त्याला सोपं जातं आणि आखूड करणं अवघड. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. मुलाला नेहमीपेक्षा तासभर उशिरा झोपवणं जमतं. तासभर आधी झोप म्हटलं तर काय होतं, हे प्रत्येक आईला माहीत आहे.

जानेवारीतली एक फेरी घेऊ: मुंबई, लंडन, न्यू जर्सी, सॅन फ्रान्सिस्को, ऑकलंड, मेलबर्न, सिंगापूर, मुंबई. सात उड्डाणं, साधारण २५,००० मैल, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या परिघाइतकेच. प्रत्येक टप्प्यावर घड्याळ किती मागे करावं लागतं ते पाहा. मुंबई ते लंडन साडेपाच तास. लंडन ते न्यू जर्सी पाच. तिथून सॅन फ्रान्सिस्को तीन. तिथून ऑकलंड तीन. ऑकलंडहून मेलबर्न दोन. मेलबर्नहून सिंगापूर तीन. सिंगापूरहून मुंबई अडीच. बेरीज बरोबर चोवीस, आणि एकही उडी साडेपाच तासांहून मोठी नाही.

आता हेच दोन वेगवेगळ्या प्रवासांत करा. पुणे ते न्यू जर्सी साडेदहा तासांची उडी. परत येताना पुन्हा साडेदहा, तीही पूर्वेकडे. मेलबर्नला जाताना साडेपाच पूर्वेकडे, येताना साडेपाच. एकूण बत्तीस तास, त्यातले सोळा अवघड दिशेने, आणि दोन उड्या अशा की दिवसाची पार रात्र होते. अमेरिकेहून परतलेल्या बाळाला आठवडाभर पहाटे दोन वाजता टक्क जागं राहताना पाहिलं असेल तर हा फरक सांगायला नको. फेरीत तो डोंगर लहान लहान पायऱ्यांत वाटला जातो. पण हे तेव्हाच, जेव्हा प्रत्येक पायरीवर थांबाल. लंडनला विमान बदलून थेट न्यू जर्सीला गेलात तर साडेदहा तासांची उडी पुन्हा उभी राहते. तिकीट सोळा उड्डाणांची मुभा देतं म्हणून सोळा घ्यायची नसतात. लहान मुलासोबत सहा-सात पुरे. पाच तास बदलत असतील तिथे निदान चार-पाच रात्री, नातेवाइकांकडे दोन-तीन आठवडे, सिंगापूरला दोन-तीन रात्री.

पश्चिमेकडे जाताना समोरून वारा लागतो, उड्डाणं थोडी लांबतात. न्यूयॉर्कहून लंडनला साधारण सात तास लागत असतील तर उलट्या दिशेने आठ. तरी मला हा सौदा परवडणारा वाटतो, कारण लंडनहून दुपारी निघालेलं विमान अमेरिकेत त्याच दिवशी दुपारी-संध्याकाळी उतरतं आणि बाळाची रात्र मोडत नाही. पूर्वेकडे येताना तेच अंतर बहुधा रात्रीच्या विमानाने, सहा-सात तासांच्या तुटक झोपेत काटावं लागतं.

## एक दिवस जातो कुठे?

चोवीस तास मागे केले म्हणजे एक अख्खा दिवस हिशेबातून जायला हवा, आणि तो जातोच. सॅन फ्रान्सिस्कोहून सोमवारी रात्री आठला निघालात तर तेरा तासांनी ऑकलंडला उतरता तेव्हा तिथे बुधवारची सकाळ असते, साधारण सहा. मंगळवार तुमच्या आयुष्यात आलाच नाही. पॅसिफिकमधल्या आंतरराष्ट्रीय वाररेषेवर ही तारीख गळते. पूर्वेकडून फेरी केलीत तर उलट, एकच तारीख दोनदा मिळते.

पृथ्वीला वळसा घालून आलेल्या पहिल्या जहाजावरच्या लोकांनाही हेच झालं होतं. मॅगेलनच्या मोहिमेतलं 'व्हिक्टोरिया' जहाज जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांना लागलं. मोहिमेची हकीकत लिहिणारा पिगाफेट्टा त्यावर होता आणि तो रोजची नोंद काटेकोर ठेवत होता. त्याच्या वहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार.

आपल्याला याचा उपयोग दोन ठिकाणी. बाळाचं औषध चालू असेल तर दोन डोसांमधले तास मोजावेत, तारखा आणि घड्याळाची वेळ पाहू नये; एका मोबाइलवर भारतीय वेळ तशीच ठेवली तर सोपं जातं. आणि हॉटेल घेताना ऑकलंडची तारीख दोनदा तपासावी, नाहीतर मंगळवारच्या रात्रीचे पैसे भरून बसाल. बाळाचा वाढदिवस गळणाऱ्या तारखेला येत नाही ना, हेही पाहून ठेवा. आजी-आजोबांना त्याचं फार वाटतं.

## भारतीय पासपोर्टवर मार्ग व्हिसा ठरवतो

वरच्या फेरीसाठी ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर असे पाच व्हिसा लागतात, आणि तिघांचे पंधरा. बाळाला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा दोन्ही हवेत. म्हणून क्रम महत्त्वाचा.

सर्वांत आधी अमेरिका, कारण मुलाखतीच्या तारखेला फार थांबावं लागू शकतं आणि पर्यटक व्हिसा मिळाला की आपल्या लोकांना तो सहसा दहा वर्षांचा मिळतो. २ सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालच्या मुलांनाही सहसा मुलाखतीला न्यावं लागतं, म्हणजे बाळासकट मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीची वारी. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असेल तरी व्हिसा लागतोच. तिथे विमानतळाच्या आतल्या आत दुसऱ्या देशाला निघून जायची सोय नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूरचे व्हिसा ऑनलाइन निघतात, त्यामुळे त्या काळात पासपोर्ट हाताशी राहतो. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आतच करता येतो, म्हणून तो शेवटी. लंडनऐवजी फ्रँकफर्ट किंवा पॅरिस घेतलंत तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा: अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विम्याचं संरक्षण निदान ३०,००० युरोंचं लागतं, शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि सहा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. बाळ असलेल्या घराला हा चांगला पर्याय आहे.

जिथे दोनच रात्री राहायचं त्या देशासाठी तिघांचा व्हिसा काढायचा का, याचा विचार करा. उदाहरणार्थ, न्यूझीलंड गाळून सॅन फ्रान्सिस्कोहून थेट मेलबर्नला गेलात तर घड्याळ पाच तासांनीच बदलतं, पण उड्डाण सोळा तासांच्या आसपास जातं. चार वर्षांच्या मुलासोबत मी ते करेन. दीड वर्षाच्या मुलासोबत ऑकलंडचा व्हिसा काढेन.

व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नका. अर्जासाठी प्रवासाचा आराखडा किंवा तात्पुरतं आरक्षण सहसा पुरतं.

## जन्मदाखल्यातली एक ओळ

सगळ्यांत जास्त खोळंबा नावांमुळे होतो. महापालिकेचा जन्मदाखला समोर ठेवा आणि आईच्या नावाची ओळ वाचा. दवाखान्याने फॉर्म भरताना बऱ्याचदा लग्नानंतरचं नाव घातलेलं असतं आणि आईच्या पासपोर्टवर माहेरचं. परदेशी अधिकाऱ्याला त्या दोन बायका वेगळ्या वाटतात. बाळाच्या नावाचा रकाना काही दाखल्यांवर कोराच असतो, कारण बारसं नोंदणीनंतर झालं. हे सगळं मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्याच्या आधी महापालिकेत दुरुस्त करून घ्यावं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव ज्या रकान्यांत ज्या पद्धतीने आलं, अगदी तसंच व्हिसात आणि तिकिटात आलं पाहिजे; वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात असेल तर तिकिटातही तिथेच. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि बरेच देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, तेही पाहा.

आई किंवा वडील यांच्यापैकी एकजणच काही टप्पे मुलासोबत करणार असतील, आणि आपल्याकडे रजेमुळे असं फार होतं, तर दुसऱ्याचं संमतिपत्र नोटरीकडून करून, त्याच्या पासपोर्टच्या प्रतीसह जवळ ठेवावं. ऑस्ट्रेलिया तर व्हिसाच्या वेळीच १२२९ क्रमांकाचा संमतीचा फॉर्म मागतं.

## कान, खाणं, लसी

उडत्या विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट; त्याच्याही वर. उतरताना दाब वाढतो आणि घशाला कानाशी जोडणारी नळी उघडली नाही तर कान दुखतो. गिळलं की ती उघडते. म्हणून उतरताना बाळाला पाजावं, एवढं सगळे सांगतात. पण 'उतरताना' म्हणजे धावपट्टी दिसायला लागल्यावर नव्हे. जमिनीवर पोचण्याच्या साधारण अर्धा तास आधी इंजिनांचा आवाज एकदम मऊ होतो, विमान किंचित पुढे झुकतं, हवाई सुंदरी कप-ट्रे गोळा करायला लागतात. तेव्हाच बाळाला जागं करून अंगावर घ्यावं किंवा बाटली द्यावी, आणि एकदम संपवू न देता थोडी थोडी. सर्दी जोराची असेल तर निघण्याआधी कान डॉक्टरांना दाखवून घ्या. झोपेसाठी ॲलर्जीचं औषध द्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. काही मुलं त्याने उलट जास्त पेटतात, आणि श्वासाला धोका असतो तो वेगळाच.

खाण्याचं एवढंच: नाचणीचं सत्त्व, मेतकूट, तूप, लाडू यांतलं काहीही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला नेताना उतरण्याआधीच्या फॉर्मवर लिहून द्या. लिहिलंत तर फार तर काढून घेतील. न्यूझीलंडमध्ये न सांगता नेलेल्या वस्तूला जागच्या जागी ४०० डॉलर दंड आहे. विमानात १०० मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला लागू नाही, प्रवासापुरतं नेता येतं. तपासणीच्या वेळी वेगळं काढून दाखवा.

लसींचं वेळापत्रक निघण्याच्या दोन महिने आधी बालरोगतज्ज्ञांसमोर ठेवा. आपल्याकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात असते. परदेश प्रवास असेल तर सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला एक जादा डोस आधी देण्याची शिफारस अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था करते. मार्गात ब्राझील किंवा पूर्व आफ्रिका असेल तर परत भारतात येताना यलो फीव्हरचं प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं, आणि ही लस नऊ महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या फेरीतून हे देश सरळ गाळावेत.

## सुटी तिकिटं काढून हेच स्वस्तात होणार नाही का?

कधी कधी होतं. तीनच मुक्काम असतील तर प्रत्येक उड्डाणाचं वेगळं तिकीट काढणं स्वस्त पडू शकतं, म्हणून दोन्ही भाव जरूर काढा. पण भावात न दिसणारी एक गोष्ट आहे. फेरीचं तिकीट हा एकच करार असतो. एक विमान रद्द झालं आणि पुढचं चुकलं तर पुढे पोचवणं ही कंपन्यांची जबाबदारी. सुट्या तिकिटांत पहिलं विमान चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. तुम्ही आला नाहीत, तिकीट बुडालं. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा सुट्या तिकिटाने मुंबई-दिल्ली गाठून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान धरणाऱ्यांना याचा अर्थ कळला. एकटा माणूस विमानतळावर रात्र काढतो. बाळाला तशी रात्र काढायला लावण्याआधी वाचलेले पैसे किती, ते मोजून बघा. सुटी तिकिटं घेतलीतच तर दोन कंपन्यांच्या उड्डाणांमध्ये एक पूर्ण रात्र ठेवा.

## बुकिंग करताना

दोन्ही अलायन्सच्या संकेतस्थळांवर नकाशावर मार्ग आखून भाडं पाहता येतं. मार्ग नियमात बसतो का ते तिथेच कळतं, तेव्हा घरी बसून हवा तेवढा वेळ त्यावर घालवा. बाळाची नोंद मात्र तिथे अडू शकते, अशा वेळी ज्या कंपनीचं पहिलं लांब उड्डाण आहे तिच्या कार्यालयाशी बोलून तिकीट काढावं.

तिकीट हातात आल्यावर एक काम उरतं आणि ते बरेच जण विसरतात. एका तिकिटावर चार कंपन्या असल्या तर प्रत्येक कंपनीकडे तुमच्या बुकिंगचा वेगळा सहा अक्षरी क्रमांक असतो. पाळण्याची जागा, मुलाचं जेवण, कार सीटची परवानगी, शेजारशेजारच्या जागा, यांतलं काहीही एका कंपनीला सांगितलं म्हणून दुसरीकडे आपोआप पोचत नाही. प्रत्येकीचा क्रमांक मागून घ्या, प्रत्येकीला वेगळं कळवा, पाळण्याच्या जागा मोजक्याच असल्याने हे तिकीट काढल्याच्या दिवशीच करा, आणि उड्डाणाच्या तीन दिवस आधी पुन्हा एकदा फोन करून ती नोंद तशीच आहे ना ते विचारा.